ट्युनिशियाचे अवशेष पाहायला गाइड कशाला?

ट्युनिशियाला निघालेली मंडळी मला हमखास विचारतात, की उघड्यावरचे खांब आणि भिंती पाहायला गाइडचे पैसे कशाला मोजायचे, फोनवर माहिती वाचत हिंडलो तर भागणार नाही का? तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो: एल जेमला भागेल, डुग्गाला भागणार नाही.

एल जेमचे तिसऱ्या शतकातले ॲम्फीथिएटर सुमारे 35,000 प्रेक्षकांसाठी बांधलेले आहे. ऑलिव्ह तेलाच्या व्यापारावर गबर झालेल्या शहराने ते उभारले, एवढे ठाऊक असले की पुरे. पुढचे काम डोळे करतात.

डुग्गाची गोष्ट वेगळी. ट्यूनिसच्या नैर्ऋत्येला साधारण 110 किलोमीटरवर, डोंगरउतारावर पसरलेले हे शहर 1997 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले आणि सगळेजण त्याला सर्रास ‘रोमन अवशेष’ म्हणतात. वास्तविक इथे रोमची सत्ता इ.स.पू. 46 मध्ये आली. त्यापूर्वी हे न्युमिडियन, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्याच स्थानिक राजांचे भरभराटीचे शहर होते. हे पुस्तकातही वाचायला मिळते, पण जागेवर ते कुठे दिसते हे दाखवायला माणूस लागतो. इ.स. 166-67 मधले कॅपिटॉल हे मंदिर घ्या. त्याच्या दर्शनी त्रिकोणात गरुड सम्राट अँटोनायनस पायस याला स्वर्गाकडे नेत असल्याचे शिल्प आहे, जे इतके झिजले आहे, की कुणी बोट दाखवल्याखेरीज कळत नाही. त्याच मंदिराच्या गाभाऱ्याच्या भिंतीत मोठमोठे उभे-आडवे दगड रचून त्यांच्या मधल्या जागेत लहान दगडांचा भराव घातलेला आहे आणि बांधकामाची ही पद्धत या भूमीत कार्थेजच्या, म्हणजे रोमच्या आधी इथे प्रबळ असलेल्या नगरराज्याच्या काळापासून रुळलेली होती. म्हणजे देव रोमचे, सम्राट रोमचा, भिंत मात्र इथली.

तिथून खाली उतरले, की इ.स.पू. दुसऱ्या शतकातला 21 मीटर उंचीचा समाधी-मनोरा लागतो. बहुतेकजण त्याचा फोटो काढतात आणि बावीस शतके तो असाच उभा आहे अशा समजुतीने पुढे जातात. प्रत्यक्षात 1842 मध्ये थॉमस रीड या ब्रिटिश वाणिज्यदूताने त्यावरचा प्युनिक (कार्थेजची) आणि लिबियन (इथल्या स्थानिक लोकांची) अशा दोन लिपींतला शिलालेख काढून नेण्यासाठी मनोराच पाडायला लावला. लिबियन लिपीचा उलगडा व्हायला त्या लेखाची मोठी मदत झाली हे खरे, पण तो लेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि समोर दिसतो तो मनोरा लुई प्वांसो यांनी 1908 ते 1910 या काळात विखुरलेल्या दगडांतून पुन्हा रचलेला आहे.

घरांच्या जमिनींचेही तेच. जहाजाच्या डोलकाठीला बांधून घेतलेल्या ग्रीक वीर युलिसिसचे प्रसिद्ध मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवलेली चित्रमय जमीन, डुग्गाचे, पण ते पाहायला ट्यूनिसच्या बार्डो संग्रहालयात जावे लागते. माझ्या मते आधी डुग्गा आणि मग बार्डो हाच क्रम बरा, कारण रिकामी खोली पाहिलेली असली तर भिंतीवर टांगलेली ती जमीन कुठली, हे समजते. बुला रेजिया या ट्युनिशियातल्याच दुसऱ्या प्राचीन शहरात मात्र उन्हापासून सुटका म्हणून जमिनीखाली बांधलेल्या दालनांत काही मोझेक जागच्या जागी आहेत. (रंग उठून दिसावेत म्हणून कुणी त्यांवर पाणी शिंपडू लागले, तर कृपया नको म्हणा.)

आता गाइड कसा निवडायचा? पर्यटन खात्याचे ओळखपत्र पाहावे, हे झालेच. सम्राटांची नावे घडाघडा म्हणून दाखवणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा फारसा उपयोग नाही. विसाव्या शतकापर्यंत या अवशेषांतच लोक राहत होते आणि नंतर त्यांना खालच्या नव्या डुग्गा गावात हलवण्यात आले, हे जो आपण होऊन सांगतो, त्याच्याबरोबर अर्धा दिवस काढावा. दर ठरवण्याआधी हे शहर कोणी वसवले, एवढे विचारा, आणि उत्तराची सुरुवात ‘रोमन लोकांनी’ अशी झाली, तर खुशाल दुसरा गाइड शोधा.