उपवासकाळातील रोजचे एक छायाचित्र : २२ दिवसांची नोंद

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, १८ फेब्रुवारी २०२६ रोजी, सुरू केलेल्या उपक्रमाचे २२ दिवस काल पूर्ण झाले. नियम मोजकेच आहेत: ५० मिलिमीटरची एकच लेन्स वापरायची, दिवसातून शटर एकदाच दाबायचे, चित्र रात्रीच्या प्रार्थनेनंतरच पाहायचे आणि रविवारी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, कारण उपवासाचे ४० दिवस मोजताना रविवार धरत नाहीत. विषय त्या दिवशीच्या मिस्सातील, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेतील, बायबलच्या वाचनांतून घेतो. सकाळी उतारा दोनदा वाचायचा आणि जो शब्द मनात अडकेल तो दिवसभर सोबत ठेवायचा. ही रीत माझी नव्हे. बाराव्या शतकातील ग्विगो या कार्थुसियन (एकांतवासी ख्रिस्ती संघाच्या) मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. मी मननाच्या पायरीवर कॅमेरा नेला, एवढेच.

पहिलेच चित्र फसले. गतवर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख आईच्या कपाळावर होती आणि ती मला जवळून टिपायची होती. अंगणात उजेड कमी, म्हणून लेन्सचे छिद्र मोठे, एफ १.८, ठेवले आणि इतका जवळ सरकलो की फोकसची खोली बोटभरही उरली नाही. भुवईचे पांढरे केस एकेक मोजता येतात. कपाळावरचा क्रूस मात्र पुसट डाग झाला आहे. रात्री हे ध्यानात आले तेव्हा आई तोंड धुऊन झोपली होती. मांसाहार सोडणे मला कधी जड गेले नाही, दुसरी फ्रेम सोडणे मात्र अजूनही जाते.

सतराव्या दिवसाचे चित्र मला सर्वांत जवळचे वाटते. आदल्या रविवारी येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीचे शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातील उतारा) वाचले गेले होते आणि ती आपली घागर तेथेच टाकून गावात गेली, हे वाक्य डोक्यातून जाईना. सोमवारी सकाळी आमच्या वसईतल्या एका बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या छोट्या तळ्याच्या, काठी बसलो. वीसेक मिनिटे केवळ हिरवट पाणी आणि केळीची सावली पाहत होतो. समोरच्या फांदीवर खंड्या येऊन बसला, बोट आपोआप शटरवर गेले, पण मी थांबलो. पक्षी सुंदर होता, परंतु त्या दिवसाचा शब्द तो नव्हता. तो उडाल्यावर काठावर पालथी पडलेली, कडी तुटलेली प्लास्टिकची बादली दिसली. मी आल्यापासून ती समोरच होती. एफ ८, सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग.

शुक्रवारची क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासातील प्रसंगांसमोर थांबत करायची प्रार्थना, अवघड जाते. चौदा स्थानांपैकी नेमक्या कोणत्या स्थानावर शटर दाबावे, या विचारात प्रार्थना हातची सुटते. म्हणून गेल्या शुक्रवारपासून भक्ती आटोपल्यावर, रिकाम्या बाकांचेच चित्र घेण्याचे ठरवले आहे. कमी उजेडासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ ३२०० पर्यंत वाढवली की चित्रात कणकण दिसते, ते चालवून घेतो.

आज चौथा रविवार. शुभवर्तमान जन्मांधाचे होते आणि आमच्या धर्मगुरूंनी उपवासकाळातल्या नेहमीच्या जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे परिधान केली होती. हा रंग वर्षातून दोनच रविवारी वापरता येतो. खिडकीतून तिरपे ऊन बरोबर त्यांच्या खांद्यावर पडले होते, आणि कॅमेरा घरी कपाटात होता.