आमची वाटचाल: जनरेटरच्या पेटीपासून प्लॉटच्या नकाशापर्यंत

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आमचं काम सुरू झालं ते डीजी सेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, आवाज कोंडणाऱ्या अकूस्टिक पेट्या बनवण्यापासून. गिऱ्हाईक कारखानदार, शेजारीही कारखानाच, त्यामुळे आवाजावरून फारशी कटकट नसे. पुढे हॉस्पिटलं, बँका, टॉवरवाले आले आणि आता डेटा सेंटरची कामं येतात. जनरेटर तेच, पण जोडीला चोवीस तास चालणारी थंडाव्याची यंत्रं, आणि कुंपणापलीकडे वस्ती.

गिऱ्हाईक बहुधा झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात आहे याचा) आणि भाग नकाशा हातात घेऊनच येतं. ‘प्लॉट इंडस्ट्रियलमध्ये आहे, मग अडचण कसली?’ अडचण अशी की दाखला प्लॉटचा असतो, आवाजाची मर्यादा मात्र ऐकणाऱ्याच्या भागाची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक भागाला दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते ६. बजाजनगरसारख्या, एमआयडीसीला खेटून असलेल्या वस्तीच्या कडेला प्लॉट असेल तर आम्ही ४५ धरूनच मांडणी करतो. बांधकामाचे नियमही हद्दीप्रमाणे बदलतात: महापालिकेत डिसेंबर २०२० ची एकत्रिकृत नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, आणि एमआयडीसीत त्यांची स्वतःची. कोणत्या कार्यालयात फाइल जाणार हे आर्किटेक्टकडून आधी लेखी घ्यावं.

आता हिशेब. १००० केव्हीएपर्यंतच्या (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप) सेटला पेटीपासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. तसे दोन सेट एकदम चालले की ७८. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की कागदावर ६ डेसिबल उतरतात: १० मीटरवर ५८, २० वर ५२, ४० वर ४६. प्रत्यक्षात मोठ्या पेटीजवळ आवाज इतक्या भराभर उतरत नाही, आणि मागे उंच भिंत असेल तर ३ डेसिबलपर्यंत परत चढतो. म्हणून सेट वस्तीच्या बाजूच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यात, कोंबायचे नाहीत. इमारत मध्ये आडवी घ्यायची, रेडिएटरचं तोंड रस्त्याकडे करायचं.

धुराड्याचं सूत्र सोपं आहे: इमारतीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ. ५०० केव्हीएला छताच्या वर साधारण साडेचार मीटर. पण शेजारचं अपार्टमेंट उंच असेल तर सूत्र पाळूनही धूर त्यांच्या खिडकीत शिरतो, म्हणून शेजाऱ्याचं छतही मोजावं लागतं. डिझेलची टाकी ९९० लिटरची दिसते त्यालाही कारण आहे: एका भांड्यात १००० आणि एकूण २५०० लिटरच्या आत साठा असेल तर पेट्रोलियमचा परवाना लागत नाही.

जनरेटर मात्र लाइट गेल्यावरच चालतो. त्याची चाचणी दुपारी उरकता येते. रात्रभर चालतात ते चिलर, म्हणजे डेटा सेंटर थंड ठेवणारी यंत्रं, आणि वस्तीशी खरं भांडण तिथंच लागतं. यात मराठवाड्याचा पेच असा की पाण्यावर चालणारा कूलिंग टॉवर घेतला तर १ मेगावॉट उष्णता काढायला तासाला साधारण दीड हजार लिटर पाणी वाफ होऊन जातं. दिवसाचे ३५ हजार लिटर म्हणजे रोजचे तीनेक टँकर, टॉवरमधून सोडून द्यावं लागणारं खारं पाणी वेगळंच. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात हे कोण मान्य करणार? म्हणून हवेवरचे चिलर घेतात आणि पाणी वाचवलं तेवढा आवाज वाढतो. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की रात्री उशिरापर्यंत पंखे पूर्ण वेगानं फिरतात. त्यांची घुमघुम मीटरवर कमी दिसते, कारण ‘ए’ मोजमाप खालचे सूर कमी धरतं, पण उशीवर डोकं टेकलं की तीच ऐकू येते. थोडे जास्त, मोठ्या पात्यांचे पंखे संथ फिरवणं हा त्यावरचा खात्रीचा उपाय. नुसत्या पत्र्याच्या आडोशानं घुमघुम अडत नाही.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीनं मार्च २०२५ मध्ये डेटा सेंटरना आपोआप मिळणारी मुभा काढून प्रत्येक प्रकल्पाला विशेष मंजुरीची अट घातली. आपल्याकडे असली स्वतंत्र सुनावणी नसली तरी तक्रार आली की प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र अडचणीत येऊ शकतं.

पेटी उन्हाळ्यातच बिघडते. गरम हवा बाहेर न पडता पुन्हा आत ओढली जाते, सेट तापून आपोआप बंद पडतो, मग ऑपरेटर दार उघडं ठेवतो आणि सगळी मेहनत वाया. इनलेट, म्हणजे वारा आत घेणारं तोंड, रेडिएटरच्या तोंडापासून लांब असावं. दाराचा रबर कडक होतो, केबलच्या भोकाभोवती फट पडते, आतलं आवाज शोषणारं रॉकवूल खाली बसतं. देखभालीच्या करारात हे तिन्ही पावसाळ्याआधी तपासायचं आम्ही लिहून देतो. ताबा देताना सर्व सेट आणि चिलर पूर्ण भारावर चालवून, वस्तीच्या बाजूच्या कुंपणावर, रात्री ११ नंतर रीडिंग घेतो. मागचा आवाज वेगळा कळावा म्हणून सगळं बंद ठेवूनही एकदा मोजतो, आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर देतो.