संख्येचे गाव आणि परतीचा प्रश्न

नागोयाहून ओगाकीपर्यंत जेआरची (जपान रेल्वेची) गाडी आणि तिथून पुढे तारुमी रेल्वेचा एकुलता एक डबा, असा प्रवास करून मी गेल्या नोव्हेंबरात इतोनुकी स्थानकावर उतरलो, तो केवळ फळे घेण्यासाठी. गिफू प्रांताचा हा भाग फुयू जातीच्या काकींसाठी, म्हणजे पर्सिमन या नारिंगी फळांसाठी, ओळखला जातो. (या फळाचे जपानी नाव मी आईला अजून समजावून सांगू शकलेलो नाही, ‘काकी आणल्या’ असे फोनवर म्हटले की तिला वेगळाच घोटाळा वाटतो.) बागेबाहेर टेबल मांडून बसलेल्या आजींनी फळे तोलता तोलता विचारले, “जपानात किती वर्षे झाली?” मी अकरा म्हणालो. “मग परत केव्हा जाणार?”

प्रश्न अगदी साधा होता आणि त्यात कसलाही खवचटपणा नव्हता. उलट पिशवीत त्यांनी न मागता दोन फळे जास्तीची घातली. तरीही तो लागला, कारण फळे घेऊन मी जिकडे जाणार होतो ते काझुया गाव एका परत आलेल्या माणसाचे आहे. या गावाच्या नावातले पहिले चिनी अक्षर ‘संख्या’ या अर्थाचे आणि दुसरे ‘घर’ या अर्थाचे. अशा नावाच्या गावात 21 एप्रिल 1875 रोजी तेइजी ताकागी जन्मले आणि मामाच्या घरी वाढले. बीजगणिताच्या अंगाने संख्यांचा अभ्यास करणारा जागतिक दर्जाचा पहिला आधुनिक जपानी गणिती म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुण्यात एम.एस्सी. करताना मी ते फक्त एका प्रमेयाच्या नावात वाचले होते.

तोक्यो विद्यापीठात त्यांना शिकवणारे किकुची दाइरोकू केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले, होते. हे कॉलेज मराठी माणसाला परके नाही, पण त्याकडे नंतर वळतो. 1898 साली, तेविसाव्या वर्षी, ताकागी सरकारी खर्चाने जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये त्यांनी गणिती फ्रोबेनियस यांच्याकडे शंका नेली, तेव्हा ‘विषय चांगला आहे, स्वतः विचार करा’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले, आणि पुढचे सगळे आयुष्य जणू त्या उत्तराच्या धाकाखाली गेले. 1900 साली ते ग्योटिंगेनला त्या काळचे आघाडीचे गणिती हिल्बर्ट यांच्याकडे पोहोचले. पण ज्या संख्यासिद्धान्तासाठी ते गेले होते तो विषय हिल्बर्ट यांनी तोवर जवळजवळ मागे टाकला होता. पन्नास वर्षे मागे पडल्याची जाणीव त्यांना तिथेच झाली, आणि तीन सत्रांत आपण बऱ्यापैकी गाठले असेही त्यांनी पुढे नमूद केले. 1901 साली ते मायदेशी परतले. 1903 साली डॉक्टरेट आणि 1904 साली प्राध्यापकपद मिळाले, आणि त्यानंतरची दहा वर्षे पाठ्यपुस्तके सोडली तर फारसे काही प्रसिद्ध झाले नाही.

मला या माणसाबद्दल जे काही वाटते ते या दहा वर्षांनंतरच्या काळाविषयी आहे. 1914 साली महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन ग्रंथ व नियतकालिके जपानला येणे थांबले. ताकागींनी हे संकट मानले नाही. बाहेरून काही येणार नसेल तर जे करायचे ते स्वतःच केले पाहिजे, एवढीच गोष्ट युद्धाने आपल्याला शिकवली, असे ते पुढे सांगत. त्यांनी जे केले त्याची चव एका लहान उदाहरणातून घेता येते. 5 ही मूळ संख्या सामान्य संख्यांत फुटत नाही, पण उणे एकचे वर्गमूळ ‘आय’ मिळवले की ती दोन अधिक आय आणि दोन वजा आय अशी फुटते. 13 आणि 29 यांचेही तसेच होते, 7 आणि 11 यांचे मात्र होत नाही. फुटेल की नाही हे केवळ 4 ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीवरून ठरते: बाकी 1 आली तर फुटते, 3 आली तर नाही. संख्यांचे क्षेत्र अशा रीतीने वाढवले की मूळ संख्यांचे वागणे बाकीसारख्या एखाद्या वर्गवारीवरून ठरते का, हा मोठा प्रश्न होता. हिल्बर्ट यांनी ज्या मर्यादित प्रकारच्या विस्तारांकडे लक्ष वेधले होते, त्यांची चौकट ताकागींनी ओलांडली आणि प्रत्येक आबेली विस्तार (ज्याच्या सममिती कोणत्याही क्रमाने लावल्या तरी परिणाम तोच राहतो असे वाढवलेले क्षेत्र) असाच एक ‘वर्गक्षेत्र’ असतो, म्हणजे त्यातले मूळ संख्यांचे वागणे अशा वर्गवारीवरून ठरते, हे सिद्ध केले.

उत्तर इतके सरळ आले की त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला नाही. यात चूक असलीच पाहिजे असे गृहीत धरून ते चूक शोधत राहिले, आणि तपासून पाहील असा दुसरा माणूस त्या काळच्या जपानात नव्हता. आम्ही संगणक प्रणालीत चार ओळी बदलल्या तरी दोन सहकाऱ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. शंभराहून अधिक पानांची सिद्धता, तपासनीस कोणी नाही, आणि घरी जेवायला गेल्यावरही चुकीचीच शंका. हे चित्र माझ्या मनातून हटत नाही. अखेर 1920 साली तो निबंध तोक्योच्या विज्ञान महाविद्यालयाच्या नियतकालिकात जर्मन भाषेत छापला गेला. त्याच वर्षी स्ट्रासबुर्गच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी तो मांडला, आणि कोणी विशेष लक्ष दिले नाही, कारण ज्या जर्मन गणितींना तो कळला असता त्यांना त्या परिषदेपासून दूर ठेवले होते. पुढे गणिती झीगल यांच्यामार्फत तो त्यांचे समकालीन आर्टिन यांच्या हाती पडला, दुसरे गणिती हासे यांनी 1926 पासून त्यावर विस्तृत अहवाल लिहिला, आणि 1927 साली आर्टिन यांनी विस्ताराच्या सममिती आणि ती वर्गवारी यांना थेट जोडणारा आपला व्युत्क्रमतेचा नियम सिद्ध केला तो याच पायावर.

आता आपले रँग्लर परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीचे, 1876 चे, म्हणजे ताकागींपेक्षा अवघ्या एका वर्षाने धाकटे. किकुचींच्याच सेंट जॉन्स कॉलेजातून 1899 साली सीनियर रँग्लर, म्हणजे त्या परीक्षेत पहिले, झाले आणि मायदेशी परतून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांचे संशोधन कुठे आहे, असा प्रश्न एका जपानी मित्राने मला विचारला होता आणि मी चिडलो होतो. ताकागींसाठी सार्वभौम देशाच्या सरकारी विद्यापीठाची खुर्ची तयार होती. परांजपे आले ते परकीय सत्तेखालच्या पुण्यात, लोकवर्गणीवर उभ्या राहिलेल्या संस्थेत, तुटपुंज्या मानधनावर. हे मी त्याला बरेच मोठ्याने सांगितले. तरी परीक्षेतल्या पहिल्या क्रमांकाचे जेवढे कौतुक आपण तेव्हा केले, तेवढे नंतरच्या निवांत दहा वर्षांसाठी कोणाला करू दिले असते का, हे मला त्याच्यासमोर कबूल करवले नाही.

माझी गोष्ट एवढी मोठी नाही. पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात मी दोन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले, मानधन सहा-सहा महिने रखडले, आणि शेवटी नागोयाच्या एका कारखान्यासाठी संगणकाचे काम स्वीकारले. ताकागींना खुर्ची होती, मला ती नव्हती, हे वाक्य मी आजींच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून परतीच्या गाडीत बरेचदा मनात घोळवले, आणि दर वेळी ते थोडे जास्तच गुळगुळीत वाटले.

घरी आल्यावर ताकागींनी 1948 साली बीजीय संख्यासिद्धान्तावर जपानीत लिहिलेला ग्रंथ पुन्हा उघडला. 1938 चे त्यांचे गणिती विश्लेषणावरचे (कलनशास्त्रावरचे) पुस्तक इथल्या दुकानांत आजही विद्यार्थी घेतात, आणि त्यात मधूनच ‘हा शब्द आमच्या भाषेत नाही’ अशी माघार नाही. पुण्यातल्या भाचीसाठी मी ताकागींच्या वर्गक्षेत्रांच्या सिद्धान्तावर मराठीत टिपण लिहायला घेतले आहे. वर ‘वर्गक्षेत्र’ हा शब्द मी बिनधास्त वापरला खरा, पण ‘वर्ग’ म्हटले की तिला दोनाचा घात आठवणार, आणि ‘क्षेत्र’ म्हटले की क्षेत्रफळ किंवा पंढरपूर. जपानीत ‘रुइताइ’ या दोन अक्षरांत काम झाले. तूर्त मी टिपणात ‘रुइताइ’च लिहून ठेवले आहे, काकी पिकेपर्यंत तरी बरा शब्द सापडावा, अशी खटपट चालू आहे.