नाशिक ते संभाजीनगर: एका बाजूची गाडी आणि वाटेत वेरूळ

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला एसटी आहे, नाशिकरोडहून थेट रेल्वेही आहे. पण सोबत बॅगा आहेत, मुक्काम पुढे आहे आणि वाटेत वेरूळ बघून घ्यायचंय, असं असलं की दोन्ही बिनकामाचं ठरतं. मग एका बाजूची गाडी करायची. ती करताना बहुतेकांचं लक्ष किलोमीटरच्या दरावर असतं. घोळ मात्र थांब्यांवर होतो.

आधी गाडीवाल्याचं गणित समजून घ्या. वेरूळ धरून अंतर साधारण दोनशे किलोमीटर पडतं. गाडी परत रिकामी येणार, म्हणून तो चारशेचा हिशोब धरतो. समजा किलोमीटरला १४ रुपये दर आहे, तर ५,६०० रुपये झाले. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, दोन्ही बाजूंचा टोल आणि पार्किंग. असं असताना कोणी 'वन वे ड्रॉप' साडेतीन हजारात देतो म्हणाला, तर त्याला तिकडून परतीचं भाडं मिळालेलं असतं किंवा मिळायची आशा असते. नुसतं घरून हॉटेलपर्यंत जायचं असेल तर हा सौदा उत्तम. वाटेत लेणी बघायची असतील तर मात्र हाच सौदा अंगाशी येतो. संध्याकाळी पाचला दुसरं गिऱ्हाईक उचलायचं असलेला ड्रायव्हर तीन वाजल्यापासून फोन करायला लागतो आणि कैलास लेण्यात तुमचं अर्धं लक्ष मोबाइलवर राहतं. त्यामुळे बुकिंग करतानाच सरळ विचारा, "दादा, परतीचं भाडं लागलंय का? किती वाजताचं?"

ड्रॉपच्या दरात थांबणं धरलेलं नसतं. थोडा वेळ फुकट, पुढे तासाला वेटिंग, असा सर्वसाधारण रिवाज आहे. वाटेतला देवगिरी किल्ला आणि वेरूळची लेणी मिळून सहा तास सहज जातात. तेवढं वेटिंग लावलं की स्वस्त ड्रॉप आणि पूर्ण दिवसाची जाऊन-येऊन गाडी यांत फारसा फरक उरत नाही. दोन मोठे थांबे असतील तर सरळ पूर्ण दिवसाचा दर घ्यावा, असं माझं मत आहे. तुम्ही परत येत नसलात तरी चालतं, कारण गाडीला यायचंच असतं. त्या दरात दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात. आपले चारशे होतच असल्यामुळे ती अट आड येत नाही. एक गोष्ट मात्र विचारून घ्या: मीटर तुमच्या दारातून सुरू होतो की गाडीवाल्याच्या गॅरेजमधून? गाडी अंबड-सातपूरहून निघून तुम्हाला ओझरच्या विमानतळावर घ्यायला येणार असेल, तर जाता-येता पन्नासेक किलोमीटरचा फरक पडतो.

ॲपवरून घेतलेल्या एकेरी गाडीत बहुधा ठरलेला मार्ग आणि ठरलेले किलोमीटर असतात. मध्ये सिन्नरला वळलात की जादा आकारणी सुरू. अशा प्रवासाला नाशिकमधल्या द्वारका चौकातल्या किंवा नाशिकरोडच्या एखाद्या स्थानिक ट्रॅव्हल्सवाल्याशी फोनवर बोलून, नंतर सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेणं सोयीचं. मेसेज साधारण असा:

"शनिवार, सकाळी ६:३०, नाशिकरोड स्टेशन. ४ माणसं, ३ मोठ्या बॅगा, २ लहान. थांबे: सिन्नर गोंदेश्वर (४० मिनिटं), देवगिरी किल्ला (अडीच तास), वेरूळ (तीन-साडेतीन तास), जेवण. शेवट: संभाजीनगर स्टेशनजवळ, अंदाजे ७ वाजता. एकूण ____ रुपये. यात टोल, पार्किंग, भत्ता आहे का? रात्रीचा चार्ज किती वाजल्यापासून? पिवळ्या पाटीची गाडी हवी. सीएनजी असेल तर आधी सांगा."

'हो' असं उत्तर आलं म्हणून गप्प बसू नका. प्रत्येक प्रश्नाचं वेगळं उत्तर मागा.

मेसेजमधली शेवटची दोन वाक्यं का, तेही सांगतो. पिवळी पाटी आणि काळे आकडे म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली गाडी. इलेक्ट्रिक असेल तर हिरवी पाटी आणि पिवळे आकडे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पाचशे-हजाराने स्वस्त मिळते, पण ती भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. सीएनजीचं दुखणं निराळं. डिझायरसारख्या सेडानमध्ये सिलिंडर डिकीतच बसतो. उरलेल्या जागेत एक मोठी बॅग आणि वर दोन सॅक, एवढंच मावतं. अर्टिगात सहा माणसं बसली की मागची सीट उघडावी लागते आणि सामानाला वीतभर जागा राहते. मग टपावर कॅरियर आला, त्यावर ताडपत्री आणि दोरी आली. चार माणसं आणि तीन मोठ्या बॅगा असतील तर मागची सीट पाडलेली अर्टिगा घ्या. सहा जण आणि सहा बॅगा असतील तर इनोव्हा क्रिस्टाही अपुरी पडते, तीही कॅरियरसकटच सांगावी.

आता रस्ता. कुठून निघता यावर तो ठरतो. ओझर, आडगाव किंवा पंचवटीकडून निघत असाल तर निफाड, विंचूर, येवला, वैजापूर हा जुना रस्ता सरळ पडतो. नाशिकरोड, देवळाली, इंदिरानगरकडून निघत असाल तर सिन्नरवरून समृद्धी महामार्ग बरा. सकाळी उशिरा द्वारका ओलांडून उलट्या दिशेला जायच्या फंदात पडू नका. सिंहस्थ २०२७ चा आहे, पण त्याच्या कामांनी शहरातले रस्ते आत्तापासूनच अडलेत.

समृद्धीवर चढायचं ते सिन्नर तालुक्यातल्या गोंदे इथून, म्हणजे नाशिक-पुणे रस्त्यावरून. हे गाव नीट सांगा. मुंबई महामार्गावर वाडीवऱ्हेजवळ गोंदे दुमाला आहे, ते इगतपुरी तालुक्यात. नकाशात नुसतं 'गोंदे' टाकलं तर गाडी अगदी विरुद्ध दिशेला निघू शकते. त्यात सिन्नरमधल्या मंदिराचं नावही गोंदेश्वर, म्हणजे एकाच फोनवर तीन गोंदे.

गोंदेश्वर मात्र सोडू नका. यादवकाळातलं भूमिज शैलीचं (शिखरावर छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा असलेलं) शिवपंचायतन आहे: मधे महादेव, चार कोपऱ्यांत चार छोटी मंदिरं, सगळं एका उंच जोत्यावर. बायपासने गेलात तर गावच चुकतं, म्हणून ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा. सकाळच्या कोवळ्या उन्हात बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम चांगलं उठून दिसतं. अर्धा-पाऊण तास पुरतो. चहा आणि स्वच्छतागृह दोन्ही सिन्नरलाच उरकून घ्या. पुढे समृद्धीवर सोयी लांब लांब अंतरावर आहेत आणि कडेला गाडी उभी करायची नसते.

समृद्धीवर गाडीला ताशी १२० ची मर्यादा आहे. टोल १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, म्हणजे गोंद्यापासून दौलताबादजवळच्या माळीवाड्यापर्यंत अडीचशे ते तीनशे रुपये धरा. सिन्नरच्या आधी शिंद्याचा नाका लागतो, त्याचे वेगळे. इथे नेहमी काय बिघडतं? टायर. सरळसोट काँक्रीटवर तास-दीड तास एका वेगात पळताना टायर तापतो, आणि तो झिजलेला किंवा हवा कमी-जास्त असलेला असेल तर फुटतो. निघताना चारही टायरांच्या खाचा बघा. मधल्या पट्टीत खाच उरली नसेल तर गाडी बदलून मागा, लाजू नका. टपावर सामान असेल तर नव्वदच्या वर जाऊ देऊ नका, ताडपत्रीत वारा भरला की दोरी सैल होते. ड्रायव्हर आदल्या रात्री कुठून आला, हेही विचारा. पहाटे मुंबईहून परतलेला माणूस या वळण नसलेल्या रस्त्यावर डुलक्या घेतो.

समृद्धीने आलात तर माळीवाड्याला उतरा. तिथून देवगिरी, म्हणजे दौलताबाद, अगदी जवळ आणि वेरूळ पुढे पंधराएक किलोमीटर. क्रमही असाच ठेवावा, आधी किल्ला आणि मग लेणी. किल्ल्याला चढ आहे, तो ऊन चढायच्या आत झालेला बरा. आणि वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी कैलासचा दर्शनी भाग सावलीत असतो, दुपार कलली की ऊन आत येतं आणि दगडाचा रंग उघडतो. सकाळी घाईघाईने वेरूळ उरकून दुपारी बाराला किल्ला चढणारी मंडळी दोन्हीकडे हाल करून घेतात.

किल्ल्याला वरपर्यंत सातशेच्या वर पायऱ्या आहेत. खंदक ओलांडला की अंधारी लागते. वळणावळणाचा काळोखा बोगदा, पायऱ्या उंच-सखल, वटवाघळांचा वास. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण मग एक हात अडकतो, म्हणून डोक्याला लावायची बॅटरी असेल तर घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी चांदमिनार, भारतमाता मंदिर आणि चिनी महालापर्यंत जाऊन परत फिरावं, तेवढ्याला तास पुरतो. वरच्या बारादरी महालापर्यंत जाऊन यायला अडीच तास धरा. एप्रिल-मे मध्ये मात्र गोंदेश्वर गाळा आणि सहालाच निघा, म्हणजे नऊच्या आत पायथ्याशी पोहोचता.

दौलताबादहून वेरूळकडे जाताना रस्ता जुन्या दिल्ली दरवाजाच्या कमानीतून जातो. शनिवार-रविवारी तिथे दोन्ही बाजूंनी गाड्या अडतात, अर्धा तास जादा धरून चला.

वेरूळ मंगळवारी बंद असतं. अजिंठा सोमवारी. ही अदलाबदल दर आठवड्याला कुणाची ना कुणाची फजिती करते. भारतीयांना तिकीट ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. एकूण ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. तीन तासांत सगळी होत नाहीत, तो हट्ट सोडा. १६ नंबरचं कैलास, १० नंबरचं विश्वकर्मा चैत्य, १२ नंबरचं तीन ताल आणि ३२ नंबरची इंद्रसभा, एवढी नीट बघा. जैन लेणी उत्तरेला दूर आहेत, तिकडे बॅटरीवरच्या बसने जा. कैलास खालून बघून झालं की बाजूच्या पायवाटेने वर चढा. वरून खाली कोरत आणलेलं देऊळ म्हणजे काय, ते कड्यावर उभं राहिल्यावरच कळतं. पावसाळ्यात ही वाट निसरडी असते.

घृष्णेश्वर इथून चालत जाण्याइतकं जवळ. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला शर्ट-बनियन काढावा लागतो. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला रांगेतच दिवस जातो, त्या दिवशी हा थांबा धरूच नका.

जुन्या रस्त्याने येणाऱ्यांसाठी येवला. पैठणी घ्यायची असेल तर सहाला निघून उपयोग नाही, दुकानांची शटरं दहाच्या सुमारास वर जातात. उशिरा निघालात तर किल्ला सुटतो. दोन्ही एका दिवसात बसवू नका. निफाड-विंचूर पट्ट्यात सकाळी बाजार समितीकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग असते, तिथे अर्धा तास जातोच. दुकानात पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीत मोर-पोपट मागूनही पुढच्यासारखेच स्वच्छ दिसतात. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ती यंत्रमागाची किंवा जॅकार्डची, मग दरही तसाच हवा. ड्रायव्हरच्या 'ओळखीच्या दुकानात' त्याचं कमिशन असतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण ते तुमच्याच बिलातून जातं. नको असेल तर मेसेजमध्येच लिहा: "दुकानाचा थांबा नको."

सामान दिवसभर गाडीत राहणार. ड्रायव्हरला जेवायला वेगळे पैसे द्या आणि गाडी नजरेसमोर ठेवून जेवायला सांगा. लॅपटॉप आणि दागिने सोबत सॅकमध्ये घ्या. निघताना आणि पोहोचल्यावर मीटरचा फोटो काढा, नंबरप्लेटचा एक फोटो घरी पाठवा. टोलचे मेसेज गाडीमालकाच्या फोनवर जातात. बिलात टोल वेगळा लावला असेल तर ते स्क्रीनशॉट मागवून बेरीज करा.

वेरूळहून शहर तीस किलोमीटर. स्टेशनजवळ उतरायचं असेल तर तासाभरात पोहोचता. चिकलठाणा विमानतळ मात्र पार दुसऱ्या टोकाला जालना रस्त्यावर आहे. संध्याकाळी सहा ते आठमध्ये सगळं शहर ओलांडून जावं लागतं, त्यामुळे विमान असेल तर चारनंतर वेरूळला थांबू नका. पैसे देण्याआधी डिकीतल्या बॅगा मोजा आणि मागच्या सीटच्या फटीत चार्जर राहिलाय का बघा. गाडी एकदा नाशिककडे निघाली की तो परत मिळायला पुढचं भाडं लागेपर्यंत थांबावं लागतं.