शून्याला प्रदक्षिणा

नायगारा पाहिला. अर्धा गोठलेला होता, उरलेला धुक्यात होता. शिकागोही झालं, आणि तिथला वारा अंगात शिरला तो पुण्याला येईपर्यंत निघाला नाही. या दोन्हींवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या हिवाळी अमेरिकावारीतली मला सांगावीशी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. ६ जानेवारी २०१८ च्या शनिवारी क्लीव्हलंड शहरात एका हरलेल्या संघाची मिरवणूक निघाली आणि तिच्यात मीही चालले.

क्लीव्हलंडला आपणहून कुणी फिरायला जात नाही. जानेवारीत तर नाहीच. माझा भाऊ तिथे उपनगरात राहतो म्हणून माझा मुक्काम तिथे. वहिनीने पहिल्याच संध्याकाळी बजावलं, "वन्सं, घरात काहीही बोला, फुटबॉलचा विषय काढू नका." म्हणजे तो हाताने झेलायचा, अंगावर धावून जायचा फुटबॉल. दादाच्या घरात त्या दिवसांत सुतकी कळा होती, आणि कारण होतं क्लीव्हलंड ब्राउन्स.

तेव्हा नियमित हंगामात प्रत्येक संघाचे १६ सामने असत. ब्राउन्स २०१७ च्या हंगामात एकेक करत सगळे हरत चालले होते. आदल्या हंगामात सोळातला एक तरी जिंकले होते, तोही नाताळच्या आदल्या दिवशी. या वेळी एक 'घरचा' सामना चक्क लंडनला नेऊन हरले. ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध शेवटच्या सत्रात २१-७ ने पुढे होते. तिथून बरोबरी होऊ दिली आणि जादा वेळेत हरले. माझ्या भाच्याला हे सगळे आकडे तोंडपाठ. जन्म ओहायोतला, वय चौदा, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. फुटबॉलबद्दल बोलताना मात्र तो माझ्यासाठी मुद्दाम मराठीत बोलायचा, आणि त्या मराठीत प्रत्येक वाक्याचं क्रियापद एकच होतं: "हरले."

३१ डिसेंबरला शेवटचा सामना, पिट्सबर्गला. पिट्सबर्गवाल्यांचं बाद फेरीतलं स्थान पक्कं झालेलं, म्हणून त्यांनी आपले बिनीचे खेळाडू बसवून ठेवलेले. दादा सोफ्यावर बसलाच नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, "मी काही बघत नाहीये" असं म्हणत, सगळं बघत होता. २८-२४ अशी पिछाडी, दोन मिनिटांहून कमी वेळ, आणि ब्राउन्सचा शेवटचा डाव. डीशोन कायझरने चेंडू फेकला. कोरी कोलमन एकटा, मोकळा, आसपास चिटपाखरू नाही. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत आला आणि सुटला. नियम न कळणाऱ्या मलाही कळलं की संपलं. वहिनीने टीव्ही बंद केला. भाचा म्हणाला, "ओके. आता परेड."

१६ पैकी शून्य. असा भोपळा त्याआधी एकाच संघाच्या वाट्याला आला होता, २००८ मध्ये डेट्रॉइटच्या.

मिरवणुकीची कल्पना आदल्या वर्षीचीच. एका चाहत्याने जाहीर केलं होतं की सगळे सामने हरलात तर तुमची 'परिपूर्ण हंगामा'ची मिरवणूक काढू. मग त्यांनी तो एक सामना जिंकून बेत उधळला. या वर्षी उधळायला कुणी उरलं नाही. मार्ग ठरला स्टेडियमभोवती, म्हणजे चालणाऱ्यांचंच एक मोठं शून्य तयार होईल. जमलेली देणगी शहरातल्या अन्नपेढीला जाणार होती.

दादाला हे अजिबात पसंत नव्हतं. "जिंकल्यावर नाचायला मी येईन. हरलेल्यांची वरात काढायला नाही," असं म्हणून तो गराजमध्ये काहीतरी दुरुस्त करत बसला. ब्राउन्सच्या एका खेळाडूनेही ट्विटरवर रागावून लिहिलं होतं. मला त्याचा राग समजला. वर्षभर हाडं मोडून घ्यायची आणि शेवटी आपल्याच गावाने वाजतगाजत टिंगल करायची, कुणाला आवडेल? पण भाचा म्हणाला, "आत्या, तू येणार ना?" आणि वहिनीने चहाचा थर्मास भरायला घेतला. त्यावर नाही म्हणणं मला जमलं नाही.

थंडीबद्दल एकदाच सांगते. उणे दहाच्या खाली होतं. स्टेडियम ईरी सरोवराच्या काठावर, मध्ये आडोसा नाही, आणि सरोवराला किनारा दिसत नाही इतकं ते मोठं. लक्ष्मी रोडवर "काश्मीरलाही चालतील" म्हणून घेतलेले मोजे पहिल्या दहा मिनिटांत निकामी ठरले. शेजारच्या आजींनी न विचारता माझ्या दोन्ही हातांत गरम होणाऱ्या पुड्या कोंबल्या आणि माझं नाव, गाव काहीही न विचारता हंगामाबद्दल बोलायला लागल्या. अमेरिकेत इतका आपलेपणा मला आजवर एकाही महागड्या हॉटेलात मिळालेला नाही. तिथे हसतात, पुड्या देत नाहीत.

माणसं तीन हजारांच्या घरात तरी असावीत. नारिंगी आणि तपकिरी टोप्या, कुत्र्याचे मुखवटे (या चाहत्यांना कुत्र्यांचं फार, त्यांच्या गॅलरीचं नावच 'डॉग पाउंड'), एक शवपेटी, आणि पुठ्ठ्याच्या थडग्यांवर एकेका क्वार्टरबॅकचं नाव. क्वार्टरबॅक म्हणजे डाव चालवणारा. अख्खा खेळ त्याच्या हातात. १९९९ पासून ब्राउन्सनी ती जागा पंचवीसहून अधिक जणांना देऊन पाहिली होती, त्यामुळे थडग्यांना तोटा नव्हता. भाचा प्रत्येकापाशी थांबून नाव वाचायचा. त्यातले काही त्याच्या जन्माआधीचे.

१९९९ का, तर त्याआधी मोठी जखम आहे. १९९५ मध्ये मालकाने जाहीर केलं की संघ बाल्टिमोरला हलवतोय. लोक कोर्टात गेले, स्टेडियममधल्या खुर्च्या उपटल्या, पण संघ गेला. नाव आणि रंग तेवढे शहराने भांडून ठेवून घेतले, आणि तीन वर्षं नुसतं नाव सांभाळल्यावर नवा संघ मिळाला. गेलेल्यांनी बाल्टिमोरमध्ये रेव्हन्स म्हणून दोनदा सुपर बोल, म्हणजे विजेता ठरवणारा अंतिम सामना, जिंकला. ब्राउन्स सुपर बोलपर्यंत एकदाही पोचलेले नाहीत. मला पुड्या देणाऱ्या आजी जुन्या स्टेडियमच्या वेळच्या होत्या. कोलमनच्या सुटलेल्या चेंडूबद्दल बोलताना त्या हसत होत्या, बाल्टिमोरचं नाव निघाल्यावर हसल्या नाहीत.

चालता चालता मला दादाचं म्हणणं पटेनासं झालं. खेळाडूंची टवाळी जवळपास नव्हतीच. भाच्याने जाड जॅकेटवरून ७३ नंबरची जर्सी चढवली होती, आणि तो नंबर मला जागोजागी दिसत होता. जो थॉमसचा तो नंबर. २००७ पासून सलग १०,३६३ डाव एकही न चुकवता खेळलेला माणूस, ऑक्टोबरमध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हा पहिल्यांदा बाहेर बसला. इतकं खेळूनही बाद फेरीतला एक सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याची जर्सी पाहून लोक टाळ्या वाजवत होते. शिव्या होत्या त्या वरच्या मजल्यावरच्यांना, म्हणजे संघ चालवणाऱ्यांना. चांगले खेळाडू घेण्याऐवजी पुढच्या वर्षांचे निवडीचे हक्क साठवत बसायचं, कारण तळाच्या संघाला नव्या खेळाडूंत पहिली पसंती मिळते, हा हिशेब त्यांचा. तो हिशेब मांडणाऱ्या अधिकाऱ्याला डिसेंबरमध्ये काढलं, प्रशिक्षकाला मात्र ठेवलं; दोन हंगामांत ३२ पैकी १ विजय असूनही. फलकांवर सगळ्यात जास्त राग त्यावर होता.

आपल्याकडे संघ हरला की पुतळे जळतात, खेळाडूंच्या घरांवर दगड जातात. इथे कुणी काही फोडलं नाही. हा शिमगा होता: वर्षातून एक दिवस मोठ्यांच्या नावाने बोंब ठोकायची, आणि उद्यापासून पुन्हा त्यांच्याच ओसरीवर जायचं. कारण पुढच्या सप्टेंबरची तिकिटं यातल्या बऱ्याचजणांनी आधीच घेतली असतील याबद्दल मला शंका नाही. हा प्रकार मालकांच्या फारच सोयीचा आहे, असं मात्र मला वाटत राहिलं. लोक इतक्या प्रेमाने चिडत असतील तर सुधारायची घाई कुणाला?

घरी आल्यावर दादाने आधी विचारलं, "किती लोक होते?" मग, "थडग्यांवर कोणाकोणाची नावं होती?" मग जेवताना भाच्याकडून सगळे फोटो मोठे करून करून पाहिले.

राहता राहिला तो प्रशिक्षक, ह्यू जॅक्सन. त्याने वर्षभरापूर्वी वचन दिलं होतं की पुन्हा असा हंगाम गेला तर ईरी सरोवरात उडी मारीन. मारली त्याने, भाच्याने व्हिडिओ पाठवला. १ जून २०१८ ला, उन्हाळा लागल्यावर, मदतनिधीचा कार्यक्रम करून. मी त्याच काठावर जानेवारीत चालले आहे. जूनमध्ये काय, मीही मारीन.