आधी खालचा टीव्ही जातो, मग वरचा, मग आमचा

मी डिश बसवायची कामं करतो, ऐरोली, कोपरखैरणे, कळवा ह्या पट्ट्यात. पाऊस ओसरला की फोन सुरू होतात, कोणाची डिश वाऱ्याने हललेली असते तर कोणाच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं. पण ऑक्टोबर लागताच ऐरोलीच्या एका काकांचा फोन आला तो असा, "अरे, रोज सकाळी आधी खालच्या भाडेकरूचा टीव्ही जातो, तो आला की वर मुलाचा जातो, आणि त्याचा आला की आमचा. कोणीतरी गच्चीवर जाऊन वायरी काढतंय. तू ये आणि बघ."

त्यांच्याकडचं काम मीच उन्हाळ्यात केलेलं. रो हाउस, तीन मजले, तीन बिऱ्हाडं आणि गच्चीवर तीन गंजक्या डिश. काकांना वाळवणाला गच्ची मोकळी हवी होती म्हणून तिन्ही काढून ९० सेंटीमीटरची एकच डिश लावली आणि तिच्यावर पट्टी टाकून तीन एलएनबी, म्हणजे डिशने गोळा केलेला सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणारे छोटे डबे. खाली फ्री डिश म्हणजे जीसॅट-१५ हा सॅटेलाइट, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरचा. मुलाचं कनेक्शन ८८ अंशावरचं, काकांचं ८३ वरचं. लॅमिंग्टन रोडवरून काकांनी आधीच एक डायसेक स्विच आणून ठेवलेला, तो परत करायला लावला, कारण एकाच बॉक्सला एकाहून जास्त सॅटेलाइट दाखवायचे असतील तरच तो लागतो, इथे प्रत्येक बॉक्सला आपापला एलएनबी आणि आपापली केबल, विषय संपला.

असल्या कामात डोकं पट्टीत जातं. आपल्याकडून हे तिन्ही सॅटेलाइट आग्नेयेला येतात, पारसिकच्या डोंगराच्या खूप वर, पण एका उंचीवर नाहीत. ९३.५ वाला क्षितिजापासून साधारण साडेसत्तावन्न अंश वर, तर ८३ वाला जवळजवळ पासष्ट. आणि डिश आरशासारखं उलटं करते, म्हणजे आकाशात जो उजवीकडे नि वर तो पट्टीवर डावीकडे नि खाली. म्हणून पट्टी तिरकी लावावी लागते, आणि प्रत्येक एलएनबी गोल फिरवूनही वेगवेगळा तिरका करावा लागतो, नाहीतर मीटरवर सिग्नल भरपूर आणि क्वालिटी शून्य. बरं काकांना ९५ अंशावरचा सॅटेलाइट नको होता ते एक बरं झालं, ९३.५ आणि ९५ मध्ये ह्या डिशवर दीडेक सेंटीमीटर अंतर पडतं, दोन एलएनबी तिथे शेजारी मावणार कुठे.

तर मी मुद्दाम साडेदहाला पोचलो. घरात वातावरण तंग. भाडेकरू वहिनी म्हणत होत्या काका मुद्दाम करतात, भाडं वाढवून हवंय म्हणून. काकूंचा संशय वरच्या नातवावर. मी गच्चीवर गेलो आणि डिश बघून तिथेच थबकलो. काकांनी गंजू नये म्हणून डिशला चंदेरी ऑइल पेंट मारलेला, एकदम चकाचक, डोळ्याला त्रास होईल असा.

पावणेअकराच्या पुढे उन्हाचा एक पांढरा ठिपका ९३.५ च्या एलएनबीवर सरकत आला. ठिपका म्हणजे रुपयाएवढा, कडा फाटलेल्या, आणि एलएनबीच्या तोंडावरच्या प्लास्टिकच्या टोपीच्या मधोमध. आणि त्याच मिनिटाला खालून वहिनींचा आवाज, "गेला! बघा गेला!" मी काकांना वर बोलावलं. पाचेक मिनिटांत ठिपका टोपीवरून उतरला, खाली टीव्ही आला, ठिपका पट्टीवरून हळूहळू पुढे चालला. सव्वाअकराच्या जरा पुढे तो मधल्या एलएनबीवर, मुलाचा टीव्ही बंद. काका बघतच राहिले, मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे आता पावणेबाराला आपला." तसंच झालं.

वर्षातून दोनदा, आपल्या भागात मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या पाठीमागून जातो. सॅटेलाइट ३६ हजार किलोमीटरवरून बिचारा बारीकसा सिग्नल पाठवतो आणि सूर्य त्याच दिशेने सगळ्या फ्रिक्वेन्सीवर नुसता गोंगाट ओततो, एलएनबीला काही कळेनासं होतं. चारपाच दिवस, रोज काही मिनिटं. सूर्य पूर्वेकडून येतो म्हणून पूर्वेकडचा सॅटेलाइट आधी जातो, ९३.५ ते ८३ पोचायला त्याला पाऊण तासाच्या वर लागतो. वायरी कोणी काढत नव्हतं. शेजारच्या घरात पण ८३ वालं कनेक्शन होतं, नातवाला पाठवून विचारलं तर त्यांचाही त्याच वेळी गेला होता, फक्त त्यांच्याकडे भांडायला एकच टीव्ही.

मला मनातून बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ठिपका तिन्ही टोप्यांच्या मधोमध आला म्हणजे माझी पट्टी मिलिमीटरला बरोबर बसलीय, आणि हे साक्षात सूर्याने सांगितलं, मीटरची काय गरज.

पण पेंटचं सोडता येत नव्हतं. कंपनीची डिश मॅट करड्या रंगाची असते ती उगाच नाही, चकचकीत रंग मारला की ती उन्हाची चूल होते आणि सगळी धग प्लास्टिकच्या टोपीवर. मी मधली टोपी बोटाने दाबून बघितली, चांगलीच चटका देत होती आणि जराशी फुगलेली पण. काकांना सांगितलं, मार्चच्या आत मॅट रंग मारा, एलएनबी गेला तर तो खर्च वेगळा.

तेव्हा काका म्हणाले, रंगाचे पैसे तिघांत वाटायचे. वहिनी म्हणाल्या, चंदेरी मारायच्या आधी आम्हाला विचारलं होतं का? मुलगा वरूनच ओरडला की त्याचा एलएनबी मधला आहे, तापला तो त्याचाच, त्याने कशाला द्यायचे. मी माझे व्हिजिटचे पैसे आधी घेतले आणि निघालो.