फुगवटा कोणत्या थरातला?

जळगाव, सोमवार, रात्री

टमी टकनंतर (ओघळलेल्या पोटाची जास्तीची कातडी-चरबी काढून स्नायू शिवण्याच्या ऑपरेशननंतर) तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पेशंट जी तक्रार घेऊन येतात ती जवळजवळ ठरलेली असते. मोठं काम छान झालेलं असतं. ओघळलेलं पोट गेलेलं असतं, साडी नीट बसते. आणि आता नजर अडते ती टाक्याच्या टोकाशी आलेल्या लिंबाएवढ्या उंचवट्यावर, नाहीतर बेंबीच्या वर राहिलेल्या फुगीर पट्ट्यावर. "आठे गाठ शे," म्हणत बोट नेमकं तिथंच ठेवतात. ही तक्रार क्षुल्लक म्हणून झटकून टाकू नये. रोज आंघोळीला हात फिरतो तीच ही जागा. पण म्हणून लगेच सुई-कात्रीही उचलू नये. आधी ठरवायचं की हा उंचवटा कोणत्या थरातला आहे: कातडीचा, चरबीचा, पाण्याचा, व्रणाचा की स्नायूचा. पाचही बाहेरून सारखेच दिसू शकतात आणि पाचांचे उपाय वेगळे. सगळ्यांना लायपोसक्शनची, म्हणजे चरबी ओढून काढण्याची, नळी लावणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक आहे.

पेशंटला आधी उभं करून बघायचं, कारण आडवं झालं की अर्धा दोष दिसेनासा होतो. खोलीतला वरचा दिवा बंद करून खिडकीचा उजेड बाजूनं येऊ द्यायचा. समोरच्या उजेडात न दिसणारी खळगी आणि लाटा तिरप्या उजेडात लगेच कळतात. मग टाक्याच्या रेघेच्या वर आणि खाली चिमटीत कातडी धरायची. वरची चिमूट जाड आणि खालची पातळ असेल तर ती पायरी चरबीच्या जाडीतल्या फरकाची. मग आडवं करून उशीवरून फक्त डोकं उचलायला सांगायचं. मधोमध कणा उठल्यासारखा फुगवटा आला तर स्नायूंची शिवण सैल झाली असावी. खोकल्याबरोबर हाताला धक्का लागला तर हर्निया. अशा वेळी वरवरची दुरुस्ती बाजूला ठेवून सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन. हर्निया असलेल्या जागी आंधळेपणानं नळी घालणं म्हणजे आतड्याला भोक पाडण्याचा धोका पत्करणं.

आणि सर्वांत सोपा प्रश्न: सकाळी किती असतं, संध्याकाळी किती? सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असेल तर ती सूज. आडव्या रेघेमुळे वरच्या कातडीतली लसिका (कातडीतून निचरणारं पाणी) जांघेकडे उतरण्याचा रस्ता तुटलेला असतो, म्हणून रेघेच्या वरच सूज साचते. नवे रस्ते तयार व्हायला वेळ लागतो. बरीचशी सूज तीन महिन्यांत उतरते, उरलेली सहा महिने ते वर्षभर रेंगाळते. सकाळ-संध्याकाळ सारखंच असेल आणि सहा महिन्यांनंतरही तसंच राहिलं, तर ती चरबी किंवा कातडी. दुरुस्तीचा विचार तेव्हापासून, त्याआधी नाही. वजनही तोवर स्थिरावलेलं हवं. दर महिन्याला दोन-तीन किलो वर-खाली होत असेल तर आज कोरलेला आकार पुढच्या दिवाळीला टिकणार नाही.

आपल्याकडे परकराची नाडीही या प्रकरणात हजर असते. पोटपट्ट्यावरून (ऑपरेशननंतर पोटाला बांधायच्या पट्ट्यावरून) घट्ट आवळलेली नाडी सुजलेल्या कातडीत आडवी चर पाडते आणि तिच्या वर-खाली सूज फुगते. पेशंटला वाटतं, ऑपरेशनमध्येच खड्डा पडला. चर नेमकी नाडीच्या रेषेत आहे का हे बोट फिरवून बघावं. रुंद इलॅस्टिकचा परकर किंवा काही महिने पंजाबी ड्रेसची सैल सलवार, एवढ्यानं ती बरीच भरून येते. पोटपट्ट्याला पडलेली घडीही असंच करते. घडी मोडण्यासाठी पट्ट्याखाली सपाट फोम ठेवावा. सुती कापडाचा बोळा ठेवू नये, त्याचाच ठसा उमटतो.

बुधवार

पाण्याबद्दल आज सविस्तर लिहायला हवं, कारण ते सर्वांत जास्त वेळा चुकतं. सिरोमा म्हणजे कातडी आणि स्नायूच्या आवरणामध्ये साचलेलं पिवळसर पाणी. एका बाजूला टिचकी मारली की दुसऱ्या हाताला लाट जाणवते, कूस बदलली की फुगवटा सरकतो. थोडं असेल तर शरीर शोषून घेतं. जास्त असेल तर निर्जंतुक पद्धतीनं १८ नंबरच्या सुईनं काढायचं. बेंबीखालची कातडी अजून बधिर असल्यानं फारसं दुखत नाही. दर वेळी किती मिली निघालं ते वहीत लिहायचं. आकडा उतरत गेला तर ठीक. आठवड्यामागून आठवडे तेवढंच येत राहिलं तर पोकळीभोवती पांढरट कवच तयार झालेलं असतं. मग सुईनं भागत नाही. ड्रेन (पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवावी लागते आणि शेवटी कवच काढावं लागतं. असं पाणी दुर्लक्षित राहिलं तर कातडी खाली चिकटून आकसते, आणि वर्षभरानं जी "खोलगट जागा" दुरुस्त करायला येते तिचं मूळ तिथंच असतं.

याच बधिरपणाशी निगडित दुसरी गोष्ट: शेक. घरातल्या मोठ्या बायका प्रेमानं गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेलं फडकं पोटावर ठेवतात. बधिर कातडीला चटका कळत नाही. फोड येतो, त्याचा डाग राहतो आणि कधी खालची चरबीही मरते. शेक द्यायचाच नाही, हे सुनेला नव्हे, सासूला समोर बसवून सांगावं.

टणक, खडीसारखी, न हलणारी गाठ असेल तर बहुधा रक्तपुरवठा न मिळालेली चरबी. सोनोग्राफीनं खात्री करून घ्यावी. लहान गाठी महिन्यांनी मऊ पडतात.

शनिवार

टाक्याच्या टोकाचा उंचवटा, म्हणजे डॉग इअर. वरची कड लांब आणि खालची आखूड असते. शिवताना जास्तीची कातडी दोन्ही टोकांना गोळा होते. मोठी वळकटी आपोआप जात नाही, लहान बऱ्याचदा बसते. उरली तर ही सगळ्यात समाधानाची दुरुस्ती आहे, कारण ती जागेपुरत्या भुलीत होते.

खुणा उभ्यानंच करायच्या. कॉटवर आडवं झाल्यावर काढलेली खूण खोटी असते. हात सैल सोडून उभ्या असलेल्या पेशंटच्या वळकटीभोवती पेनानं होडीच्या आकाराची रेघ काढायची आणि आरशात दाखवून सांगायचं: उंचवटा जाईल, पण रेघ दोन ते चार सेंटिमीटर मागे कमरेकडे लांबेल. हा सौदा मान्य नसेल तर हात लावू नये. अ‍ॅड्रेनॅलिनसह लिग्नोकेनची मर्यादा (पहिलं रक्तवाहिन्या आकसवतं, दुसरं जागा बधिर करतं) वजनाच्या किलोला ७ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ४२०. २ टक्क्यांच्या बाटलीतलं २१ मिली झालं की थांबायचं. सलाइन मिसळून पातळ केलं तर दोन्ही बाजूंना मिळून त्याहून बरंच कमी पुरतं. कातडी काढल्यावर बरेच जण लगेच शिवतात आणि तिथंच चुकतं. वळकटीत कातडीइतकीच चरबीही असते. कडेच्या खालची चरबी बाहेरच्या दिशेनं पातळ करत न्यायची, मग खोल आवरणाला टाके, मग कातडीच्या आतून बारीक टाका. खोल टाका नाही घेतला तर ताण कातडीवर येतो आणि रेघ रुंदावते.

बेंबीच्या वरचा फुगीर पट्टा मात्र लायपोसक्शनचा. चरबी ओढण्याआधी त्या जागी भरायचं मिश्रण तेच, जे जेफ्री क्लाइन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञानं १९८७ साली मांडलं त्या धर्तीचं: एक लिटर सलाइन, ५०० मिलिग्रॅम साधं लिग्नोकेन, १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन, १० मिली सोडा बायकार्बोनेट. लिग्नोकेन साधंच घ्यायचं, नाहीतर अ‍ॅड्रेनॅलिन दोनदा पडतं. भरल्यावर १५-२० मिनिटं थांबायचं, कातडी फिकी पडू द्यायची. घाई केली की रक्त येतं आणि अंदाज चुकतो. नळी अडीच-तीन मिलिमीटरची, दोन वेगळ्या छिद्रांतून आडवी-उभी, खोल थरातच. एकाच दिशेनं ओढलं तर नांगरलेल्या शेतासारख्या सऱ्या पडतात. कातडीखाली एक सेंटिमीटर चरबी ठेवायचीच. मनाला वाटतं त्याहून थोडं कमी काढावं; राहिलेली चरबी पुन्हा काढता येते, जास्त गेलेली परत भरणं फार कठीण.

खळगीत चरबी भरायची असेल तर आधी बघायचं की कातडी खाली अडकली आहे का. अडकली असेल तर १८ नंबरच्या सुईनं ते धागे तोडायचे, मग बोथट नळीनं मांडीतून किंवा कमरेतून घेतलेली चरबी थेंब-थेंब, प्रत्येक फेरीला ०.१ मिलीच्या आसपास, वेगवेगळ्या थरांत सोडायची. एका जागी ढेकूळ टाकलं तर मधल्या पेशींपर्यंत रक्त पोहोचत नाही आणि तीच नवी गाठ होते. काही भाग जिरतोच, हे आधीच सांगावं. दुसरी फेरी लागली तर तीन-चार महिन्यांनी.

जाड, खाजणाऱ्या रेघेला सिलिकॉन पट्टी रोज किमान १२ तास, दोन-तीन महिने. ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन व्रणाच्या आतच राहायला हवं. खाली चरबीत उतरलं तर चरबी वितळून नवा खड्डा तयार होतो.

मिशरीबद्दल विचारायचं विसरू नये. "तंबाखू खाता का?" याला उत्तर "नाही" येतं, आणि मिशरी सकाळ-संध्याकाळ चालू असते. निकोटिन निकोटिनच. पहिल्या ऑपरेशनमध्ये मधल्या कातडीच्या बऱ्याच रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात. ती आता मुख्यतः दोन्ही कुशीतून येणाऱ्या वाहिन्यांवर जगते. म्हणून दुरुस्तीच्या चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर मिशरी, गुटखा, विडी बंद. पहिलं ऑपरेशन सुरतेला किंवा पुण्याला झालं असेल तर तिथल्या ऑपरेशनची टिपणं मागवावी: जाळी बसवली होती का, लायपोसक्शन केलं होतं का, ड्रेन कधी काढली.

दिवस निवडायचे तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पोटपट्ट्याखाली घामोळं उठतं, रेघेवर बुरशी येते, आणि पेशंट पट्टा काढून टाकते. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर दोन पट्टे घ्यावेत, एक अंगावर, एक धुऊन सावलीत. लहान दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी घरात चालणं-फिरणं चालतं, पण पाच किलोहून जास्त वजन तीन आठवडे नाही: हंडा नाही, केळीचा घड नाही, कमरेला बांधलेली कापसाची झोळी तर अजिबात नाही, तिचा भार थेट रेघेवर येतो. अखजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) महिनाभर आधी दुरुस्ती झाली असेल तर माहेरी जाऊन झोक्यावर बसायला हरकत नाही. उभ्यानं झोका चढवायचं काम मात्र यंदा बहिणींनी करावं.